पाच-वीस चौदा

चौसाळ्यात टायरविषयी मत नसलेला माणूस भेटणं अवघड. गाव सोलापूर-धुळे हमरस्त्यावरचं. या रस्त्याला पूर्वी २११ म्हणत, आता ५२ म्हणतात. ट्रकांची रांग तीच. त्यात दसरा झाला की बीड जिल्ह्यातली लाखो माणसं कोयते घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि त्यांतल्या कितीतरी घरांचा पुढचा पाच-सहा महिन्यांचा संसार बैलांच्या टायरगाडीच्या दोन चाकांवर असतो. त्यामुळे वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीला टायर बदलायचेत, एवढं मी टपरीवर बोलायचा अवकाश, सल्ल्यांचा पाऊस पडला. एक म्हणाला, "रिमोल्ड मारा की सर, कामून पैसे घालता?" दुसऱ्यानं गाडीच काढून टाकायला सांगितलं. तिसरा एक म्हातारा ड्रायव्हर होता, तो म्हणाला, "काही घ्या, पर तारेचं टायर घिऊ नगा. साईडपट्टीला उतरलं की बगल फाटती त्येची."

या तिसऱ्याचं बोलणं मी मनात ठेवलं. तो चुकीचं बोलत नव्हता. फक्त तो ज्या रस्त्याबद्दल बोलत होता, तो रस्ता आता नाही.

गाडीबद्दल आधी सांगायला हवं. पद्मिनी ही काही स्पोर्ट्स कार नव्हे. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसेक अश्वशक्ती, चार गिअर, गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या खोडाला चिकटलेला, चारी चाकांना ड्रम ब्रेक. पण तिचं माहेर पाहिलं तर रक्त अगदीच थंड नाही. १९५३ साली इटलीत फियाट ११००ची नवी मांडणी आली तेव्हा तिचा एक चपळ अवतारही निघाला, त्याच्या नावापुढे टी.व्ही. म्हणजे तुरिस्मो वेलोचे असं लावलेलं असे, आणि ती गाडी मिले मिल्याच्या शर्यतीत धावली. आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर हौशी लोक फियाट पळवायचे. ११०० डी कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ च्या सुमारास बनू लागली, मग तिला प्रेसिडेंट म्हटलं गेलं, आणि १९७४ पासून पद्मिनी. हा कारखाना काढणारे वालचंद हिराचंद मूळ सोलापूरचे, म्हणजे आमच्याच रस्त्याच्या त्या टोकाचे. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळ छापली. त्या दिवशी आमची पद्मिनी आडतीच्या दुकानामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती.

वडील गेल्यावर ती मी चालवायला लागलो. इंजिन ठीक, कमानपाटे ठीक, टायर मात्र संपलेले. तशी नक्षी भरपूर शिल्लक होती. बसून राहिलेल्या गाडीच्या टायरची हीच गंमत: झीज कमी होते आणि वय मात्र वाढत राहतं. रबर कडक झालं होतं, नखानं दाबलं तर खळगा पडत नव्हता, आणि बगलेला रिमच्या कडेलगत बारीक भेगांची जाळी उठली होती. अशा टायरला लोक "अजून गोटा झालं न्हाई" म्हणून चालवतात आणि मे महिन्यात तो रस्त्यावर फुटतो.

माप लिहिलेलं होतं: ५.२०-१४. बोलताना पाच-वीस चौदा. पाच पूर्णांक दोन दशांश इंच रुंदी, चौदा इंची रिम. नायलॉनचा टायर. एका मोठ्या गावातल्या दुकानदारानं गोदामातून असे चार टायर काढून दाखवले, नवेकोरे म्हणून. एकावर बोट फिरवलं तर हाताला पांढरट भुकटी लागली. टायरच्या बगलेवर एका लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. तिथं ११०९ होतं. म्हणजे २००९ सालचा अकरावा आठवडा. दुकानदाराचं म्हणणं, वापरलेलाच नाही तर जुना कसा? या प्रश्नाला उत्तर देत बसण्यात अर्थ नव्हता. आम्ही चहा घेतला आणि मी निघालो. टायर घेणाऱ्या प्रत्येकानं हे चार आकडे आधी वाचावेत. भाव नंतर विचारावा.

मग रेडियल. इथं थोडं पोटात शिरावं लागेल. नायलॉनच्या टायरमध्ये धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदत टाकलेले असतात, बाजेच्या विणीसारखे. बाजेवर एका कोपऱ्यात बसलं की दुसरा कोपराही ओढला जातो. तसं या टायरची बगल दबली की जमिनीला टेकलेला पट्टाही चुरगळतो, थरांवर थर घासतात आणि टायर तापतो. रेडियलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि वरच्या पट्ट्याखाली पोलादी तारांची कडी बसवलेली असते. बगलेला हवं तेवढं वाकू दे, पट्टा जमिनीवर सपाट राहतो. मिशलिननं १९४६ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि १९४९ पासून टायर बाजारात आणला. सित्रोएन कंपनी तेव्हा मिशलिनच्याच मालकीची होती, त्यामुळे गाडी आणि टायर एकाच घरात वाढले. भारतात पहिला रेडियल जेके टायरनं १९७७ साली काढला. पण पद्मिनी तेव्हाही नायलॉनवरच होती आणि बराच काळ राहिली. ट्रकवाल्यांनी तर रेडियल फारच उशिरा जवळ केला.

त्याला मागासलेपणा म्हणणारे लोक भेटतात. मला ते पटत नाही. जुना २११ ज्यांनी पाहिलाय त्यांना कारण ठाऊक आहे. डांबराची एक पट्टी. समोरून एसटी आली की डावी दोन चाकं साईडपट्टीवर उतरवायची. डांबराची कड कुठं चार बोटं, कुठं वीतभर उंच, आणि खाली आमच्या बालाघाटचा काळा दगड, फुटला की पात्यासारखी धार असणारा. उतरताना काही नाही. परत वर चढताना टायरची बगल त्या कडेला घासायची. नायलॉनची बगल जाड, ताठ. ती हे सोसायची. रेडियलची बगल पातळ, कारण तिनं वाकावं हीच तर अपेक्षा. त्या रस्त्यावर रेडियल घालणारा शहाणा नव्हता. म्हातारा ड्रायव्हर बरोबर बोलत होता तो असा. ट्रकांचंही तेच: क्षमतेच्या वर भरलेला माल, फुटका रस्ता, आणि पुन्हा पुन्हा रिमोल्ड करता येणारा सांगाडा. नायलॉन हा त्या रस्त्याचा टायर होता.

मग येडशीपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंतचा १८९ किलोमीटरचा पट्टा चौपदरी झाला. साईडपट्टीला उतरायचा प्रसंगच संपला. पण एक दुसरा प्रसंग आला. वडील पन्नासच्या वर क्वचित जायचे, आणि तो वेग रस्त्याला शोभायचा. आज पन्नासनं चालाल तर डाव्या पट्टीतही मागचा ट्रक हॉर्न देऊन अंगावर येतो. सत्तर-पंचाहत्तर ठेवावेच लागतात, तेही न थांबता तासतासभर, आणि उन्हाळ्यात बेचाळीस डिग्रीला. पूर्वी दर पाच मैलांना कुणीतरी आडवं यायचं. बैलगाडी, शेळ्या, फाटक. टायरला दम खायला मिळायचा. चौपदरी रस्ता टायरला दम खाऊ देत नाही. अंतर्गत घासाघाशीनं तापणारा नायलॉन इथं हरतो.

म्हणून मी ठरवलं ते असं: गाडीतलं सगळं जुनं ठेवायचं, अगदी डायनॅमोसुद्धा, पण रस्त्याला जे टेकतं ते रस्त्याच्या वयाचं हवं. हौशी मंडळींत याउलट मत असलेलेही आहेत. त्यांचं म्हणणं, गाडी ज्या टायरवर कारखान्यातून निघाली तोच हवा, नाहीतर ती गाडी तीच राहत नाही. प्रदर्शनात उभी करायची असेल तर मला हे मान्य आहे. आमच्या पद्मिनीला बीडला तालुक्याच्या कामाला जायचं असतं.

रेडियल ठरला, पण कुठला? पाच-वीस चौदाचा थेट जोडीदार म्हणजे १४५ किंवा १५५ रुंदीचा उंच बगलेचा चौदा इंची टायर. परदेशात असे मिळतात. मिशलिन आणि पिरेली तर जुन्या गाड्यांसाठी जुन्याच नक्षीचे टायर अजूनही काढतात. पण एका पद्मिनीसाठी ते मागवायचे म्हणजे गाडीच्या किमतीइतका खर्च. आपल्याकडच्या दुकानात चौदा इंचीत सहज मिळतात ते १६५/८० आणि १६५/६५, १७५/६५ असले. कागद घेऊन बसलो. जुन्या टायरची उभी उंची साधारण ६१० मिलिमीटर. १६५/८० ची ६२०. १६५/६५ ची ५७०. दिसायला किरकोळ फरक, पण ५७० वाला घातला तर गाडी दोन सेंटिमीटर खाली बसते आणि काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी छप्पन्ननंच जात असते. इंजिनला उगीच जास्त फेरे, आणि गावागावाच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकांवर पोट घासणार. ६२० वाल्यात फरक दीड टक्का. गाडीच्या मडगार्डानं आणि काट्यानं तो निमूट पचवला.

तरुण पोरांचं म्हणणं वेगळं होतं. अलॉय घाला, १८५ चे रुंद टायर घाला, गाडी कशी बसकी, दांडगी दिसेल. त्यांना नाही म्हणताना मला एक गोष्ट कळली, जी पुस्तकात वाचून तितकी पटली नसती. टायर गाडीच्या ब्रेकपेक्षा हुशार असून चालत नाही. या गाडीचे ड्रम ब्रेक, बुशा, बेअरिंगं, स्टेअरिंगचा खोका, सगळं नायलॉनच्या पकडीचा अंदाज धरून बेतलेलं आहे. नायलॉन आधी किंचाळतो, मग हळूहळू सरकायला लागतो. चालवणाऱ्याला भरपूर सूचना मिळते. रेडियल धरून ठेवतो, धरून ठेवतो, आणि सोडतो तेव्हा फारशी सूचना न देता. जितका रुंद आणि चिकट टायर, तितका तो क्षण जास्त वेगावर येतो, आणि त्या वेगाला चार ड्रम पुरे पडत नाहीत. जुन्या गाडीला अरुंद, साधा, मध्यम प्रतीचा रेडियल हाच खरा.

पुण्यात माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे एमजीबी आहे. ही खरी स्पोर्ट्स कार. इंग्लंडात ॲबिंग्डनला १९६२ पासून १९८० पर्यंत बनत होती, दोन माणसांची, बिनटपाची. ती निघाली तेव्हा तिच्याही पायात नायलॉनच्या जातीचेच टायर असत, ५.६०-१४. पुढं कारखान्यानंच १५५ आणि १६५ चे रेडियल द्यायला सुरुवात केली. मी फोनवर त्यांना विचारलं, तुम्ही काय घातलंत? म्हणाले, "१६५/८० आर १४. डिझायरचा टायर. एमजीच्या मालकांत हे सांगायची थोडी चोरी असते, पण माप अगदी तेच आहे." म्हणजे बीडच्या स्टँडवर सीट भरणारी डिझायर, पुण्यातली एमजीबी आणि चौसाळ्यातली पद्मिनी, तिघी एकाच मापावर. मला हे ऐकून इतका आनंद का झाला ते सांगता येणार नाही, पण झाला.

शिवाय हा टायर काही विलायती अपूर्वाईचा राहिलेला नाही. गुडइयरचा कारखाना आमच्याच वाटेवर वाळूजला, ब्रिजस्टोनचा चाकणला, सिएटचा नाशिकला. बगलेवर ८५ टी असं होतं: एक टायर ५१५ किलो पेलतो आणि ताशी १९० ची परवानगी आहे. पद्मिनीचं अख्खं वजन नऊशे किलोच्या आसपास. आणि १९० चं तर बोलायलाच नको. तारीख मी अर्थात आधी वाचली. चार महिन्यांपूर्वीची होती.

बसवायला हायवेच्या पंक्चरवाल्याकडे नेले. त्यानं टॉमी घालून जुना टायर उपसला आणि रिमवर वायर ब्रश मारला. आत गंजाची खपली, आणि रिमच्या दोन भागांना जोडणारे रिव्हेट. नवा टायर ट्यूबलेस. त्याला वाटलं, ट्यूबची कटकट गेली. पण ही रिम ट्यूबलेससाठी नाही. ट्यूबलेसच्या रिमला आतून एक बारीक उंचवटा असतो, हवा कमी झाली तरी टायरची कड जागेवर अडवणारा. जुन्या रिमला तो नसतो, आणि रिव्हेटमधून हवा झिरपते ती वेगळीच. म्हणून रेडियलसाठीचीच ट्यूब घ्यायची, जुन्या टायरमधली नाही. रेडियल आतून सारखा हलतो, साधी ट्यूब त्यात घासून जाते. टायरच्या आत चिकटवलेले कागदी शिक्के असतात, तेही खरवडून काढायचे, नाहीतर तेच ट्यूबला भोक पाडतात. त्यानं टाल्कम पावडरीचा डबा काढला, आत शिंपडली, ट्यूब गोल फिरवून बसवली आणि व्हॉल्व्ह हातानं हलवून सरळ केला. हे काम तो बोलता बोलता करत होता पण नजर हलत नव्हती.

मग हवा. इथं आमचं वाजलं. मी सव्वीस सांगितली, त्यानं भरली, आणि गाडी जॅकवरून खाली आली तशी चारी टायरांची खालची बगल फुगली. "आवं सर, बसलंय की हे! पस्तीस मारतो." रेडियल असाच दिसतो, बगल वाकणं हेच त्याचं काम, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, दिवसभर तो रेडियलच बघतो. पण पद्मिनीखाली तो पोट फुगलेला टायर त्याला बघवत नव्हता. नायलॉनच्या पद्मिनीची चाकं ताठ उभी असत, डोळ्यांना तीच सवय. शेवटी अठ्ठावीसवर तोड झाली. तेव्हापासून वाटेत हात करून "हवा कमी हाय" सांगणारा एक तरी दुचाकीवाला रोज भेटतो.

मांजरसुंब्याच्या घाटात गाडी नेली ती दुसऱ्याच दिवशी. उभ्या गाडीत स्टेअरिंग जड झालंय, हे खरं आहे. बाजारात वळवताना खांद्याला कळतं. चाल धरली की उलट हलकं वाटतं. पूर्वी ट्रकांनी पाडलेल्या चाकोरीत गाडी आपोआप शिरायची, स्टेअरिंग हातातून ओढून घ्यायची. आता नाही शिरत. वळणाला सांगितलं की वळते, मध्ये विचार करायला वेळ घेत नाही. थोडी वाईटही गोष्ट आहे. जुनी पद्मिनी वळणावर जी कुरकुर करायची, त्यावरून वडील मला शेजारी बसवून शिकवायचे: आवाज आला की पाय काढ. आता आवाज येत नाही. मी सवयीनं तिथंच पाय काढतो.

स्टेपनीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं, आणि तेच चुकीचं. जुन्यांतला एक ठेवा, कामाला येईल. येणार नाही. एकाच आसाला एका बाजूला रेडियल आणि दुसऱ्या बाजूला नायलॉन म्हणजे ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढणार. पुढं रेडियल, मागं नायलॉन हे तर त्याहून वाईट. पुढची चाकं वळतात आणि मागची सुटतात. रेडियल दोनच असतील तर ते मागं जातात, आणि खरं तर असे दोन ठेवूच नयेत. पाचवा टायर घेतला. चार-पाच हजार आणखी गेले.

उरले पाच जुने नायलॉन. टायरगाडीवाल्यांना ते उपयोगाचे नव्हते, त्यांची चाकं दणकट लागतात; तीन-तीन टन ऊस घेऊन शेतातल्या चिखलातून, पाटाच्या कडेनं, बैलाच्या पावलानं चालायचं तर नायलॉन आणि तोही जाड. तिथं तापण्याचा प्रश्न नाही, फाटण्याचा आहे. तेव्हा ते टायर गावातल्या वहाणा शिवणाऱ्याकडे गेले. त्याच्या दुकानासमोर रेडियलचे दोन तुकडे नुसते पडले होते. विचारलं तर म्हणाला, "तारेचं नगं वाटतंय. रापी मोडती, आन् तार वर आली का पायात घुसती." रास्ता रोकोत जाळलेल्या टायरांच्या जागी डांबरावर गंजक्या तारांची भेंडोळी आठवडाभर पडून असतात, ती याच जातीची, पूर्वी काळ्या राखेत फक्त कडेच्या तारांची कडी उरायची.

नायलॉनचा मात्र थर थर सोलता येतो. त्यानं एक टायर मांडीत धरून बगल कापली, पट्टा उलटा केला, कोपऱ्यातून एक थर पक्कडीत पकडून ओढला, आणि तो चर्र आवाज करत हातभर निघून आला. तिरप्या धाग्यांची वीण उघडी पडली, इतक्या वर्षांनी, अगदी नवीन असल्यासारखी. पाच टायरांचे तो पैसे देणार नव्हता. त्याबदल्यात दोन जोड शिवून देतो म्हणाला. माप विचारलं नाही. पायाकडे बघून नऊ म्हणाला, आणि पट्टे चामड्याचे पाहिजेत का ट्यूबचे, एवढंच विचारलं. मी ट्यूबचे सांगितले.